रात्री दोनला फोन उचलणारं कुणीतरी

मये_तळ्याकाठी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

माझ्या सासूबाईंना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, चौथं वर्ष चालू आहे. गोव्यात डिचोली तालुक्यात आमचं जुनं मोठं घर, पण माणसं आता चारच. नवरा फार्मा कंपनीत, एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रात्रपाळी, मुलगी बारावीला. म्हणजे रात्रपाळीच्या आठवड्यात रात्री आईंना बघायला मी एकटीच, कारण मुलीला उठवायचं नाही असं मीच ठरवलंय. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना सांगायला नको, दिवेलागणीला सुरू होतं. "मला घरी जायचंय." कुठल्या घरी, तर माशेलला, माहेरी. तिथं आता भाऊ नाही आणि घरही विकलेलं. पदराला गाठ मारून त्यात दोन बिस्किटं बांधतात आणि दारात उभ्या राहतात. मी आधी समजवायचे, मग वाद घालायचे, मग रडायचे. हे रोज.

मागच्या चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधीची गोष्ट. माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतो त्याचं) सामान येऊन पडलेलं, घर साफ करून मी मेलेली. रात्री दीडला आई उठल्या, कडी काढून बाहेर गेल्या, पाऊस धो धो, अंगणात शेवाळ. मी धावत जाऊन हात धरला तर त्या मला चावल्या. आणि मी त्यांचं मनगट पिळलं. जोरात. त्या लहान मुलासारख्या ओरडल्या, आणि मला कळत होतं त्यांना दुखतंय, तरी दोन-तीन सेकंद मी सोडलं नाही. हे मी पहिल्यांदा कुठेतरी लिहितेय. ज्या बाईनं माझ्या बाळंतपणात सव्वा महिना मला तेल लावून आंघोळ घातली तिच्या हातावर माझ्या बोटांचे वळ होते.

त्यांना आत आणलं, कोरडं केलं, निजवलं आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. सांगणार कुणाला? नवरा आत प्लांटमध्ये, फोन लॉकरमध्ये. माझी आई ऐकून आजारी पडेल. नणंद पुण्याला, ती काय म्हणेल ते मला पाठ आहे. मोबाइलमध्ये १४४१६ हा हेल्पलाइनचा नंबर सेव्ह होता, मुलीच्या शाळेत परीक्षेच्या ताणावर कुणीतरी बोलायला आलेलं तेव्हा तिनं घरातल्या सगळ्यांच्या फोनवर टाकलेला. मला तो नंबर मुलांसाठीच आहे असं वाटायचं. तीनदा लावून कट केला. चौथ्यांदा भाषा विचारली, मराठी घेतली, आणि पलीकडे एक बाई बोलली.

पहिली पाच मिनिटं मी नुसती रडत होते. ती मध्ये मध्ये "मी आहे, सावकाश" एवढंच म्हणायची. मग सगळं सांगितलं, वळ उठलेत हेही सांगितलं. वाटलं आता ही मला झापणार किंवा पोलिसांचं नाव घेणार. तिनं विचारलं, आत्ता आई कुठे आहेत, हात सुजलाय का, बोटं हलवतात का, दार बंद केलंय का. आणि नंतर, मी मराठीतच बोलत होते पण मध्ये कुठेतरी कोंकणीवर आले असणार, कारण तिनं कोंकणीतच विचारलं, "बाय, तूं केन्ना न्हिदता गो?"

तू झोपतेस कधी. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आई कशा आहेत हे सगळे विचारतात, डॉक्टर, शेजारीण, दारावर येणारी मासळीवाली सुद्धा. तिनं माझ्या झोपेचं विचारलं तेव्हा उत्तर द्यायला मला किती वेळ लागला ते आठवून अजून घशात येतं.

मग तिनं अजून एक विचारलं, रात्रीचा हा त्रास नेहमीचा की गेल्या काही दिवसांत एकदम वाढलाय? मी म्हटलं आठ दिवस झाले असतील. लघवीला सारखं जावं लागतंय का, ताप आहे का, संडास साफ होतोय का? तिनं निदान वगैरे केलं नाही हां, एवढंच म्हणाली की अशा माणसांत अचानक बदल झाला तर आधी शरीरात काही दुखतंय का ते डॉक्टरांकडून बघून घ्या, त्यांना सांगता येत नाही म्हणून ते असं बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी मनगट दाखवायला गेले तेव्हा लघवीही तपासली. इन्फेक्शन निघालं. औषधाचा कोर्स झाला आणि आई परत पहिल्यासारख्या, म्हणजे माशेलला जायचंच असतं पण दिवेलागणीपुरतं. मी धरून चालले होते की रोगच वाढला.

तो फोन चाळीस मिनिटं चालला. त्यानंतर मी आणखी दोनदा केलाय.

तर विचारायचं हे, तुमच्यापैकी कुणी असा फोन केलाय का, मुलांसाठी, म्हाताऱ्यांसाठी, स्वतःसाठी? काय उपयोग झाला, काय नाही झाला, खरं खरं लिहा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १४४१६ म्हणजे केंद्र सरकारचं टेली मानस, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या देखरेखीखाली चालतं, चोवीस तास आणि फुकट. आधी प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जोडतात.

जाई_जुई

ताई, वाचून हात थरथरले. माझ्या आजीच्या वेळी माझ्या आईचं हेच झालं होतं, आम्हा पोरांना वाटायचं आई चिडकी झालीय. आज आईला फोन करते.

रापणकार

मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम. बोलत नाही. राग आला की डोकं भिंतीवर आपटतो, मोठा होत चाललाय तसा आता त्याला धरून ठेवायला माझी ताकद पुरत नाही, बायकोची तर नाहीच.

आमच्याकडे वेगळीच अडचण होती, बोलायचं कुठे? दोन खोल्यांत सहा माणसं, मुलगा मला चिकटलेला, आईवडिलांसमोर "मला जमत नाही" असं कसं म्हणायचं. मी रायबंदरहून चोडणच्या फेरीबोटीत चढायचो. पलीकडे जायचं, उतरायचं नाही, त्याच फेरीनं परत यायचं. कठड्याला टेकून फोन लावायचो. इंजिनाचा आवाज असतो त्यामुळे शेजारच्याला ऐकू जात नाही. पहिल्यांदा लावला तेव्हा मी मुलाबद्दलच बोलत होतो, कुठली थेरपी, कुठली शाळा, सर्टिफिकेट. तो माणूस ऐकत राहिला आणि मग म्हणाला, तुम्ही हे सगळं मुलाच्या डॉक्टरला विचारू शकला असता, मला फोन का केलात? रागानं नाही, खरंच जाणून घ्यायला. मी गप्प. फेरी काठाला लागली, गाड्या उतरल्या, नवीन चढल्या, मी तसाच गप्प. तोही गप्प राहिला, फोन ठेवला नाही. मग मी सांगितलं की आदल्या रात्री मुलाला झोपलेला बघून माझ्या मनात आलं, हा सकाळी उठला नाही तर.

हे वाक्य बापानं कुणासमोर म्हणायचं? डॉक्टरसमोर नाही म्हणवत, कारण तो फाइलमध्ये लिहील असं वाटतं. बायकोसमोर नाहीच नाही. त्या माणसानं पहिल्यांदा सरळ विचारलं की मुलाला किंवा स्वतःला काही करायचा विचार आहे का, मी नाही म्हटलं, खरंच नव्हता. मग म्हणाला, दमलेल्या आईबापांच्या मनात हे येतं, आलं म्हणून तुम्ही वाईट बाप होत नाही, पण आलंय याचा अर्थ तुम्हाला आता माणसं हवीत. आणि मग बसून हिशोब केला, आठवड्यातले कुठले दोन तास कोण घेऊ शकेल. माझा भाऊ म्हापशाला राहतो, त्याला मी कधी विचारलंच नव्हतं. विचारलं. रविवारी तो येतो. आता अडीच वर्षं झाली, एक रविवार चुकला नाही त्याचा.

खरं_बोलतो

सगळ्यांच्या भावना समजतात पण मला राग येतो या विषयाचा, म्हणून लिहितो. माझे वडील पक्षाघाताने तीन वर्षं अंथरुणावर होते. मला रात्री दोनला बोलायला माणूस नको होता, मला वडिलांना कुशीवर वळवायला दुसरे दोन हात हवे होते. ठेवलेला माणूस चवथीला गावी गेला तो आलाच नाही. पाठीला जखमा झाल्या. फोनवरचा आवाज डायपर बदलणार आहे का? सरकारला फोन नंबर देणं स्वस्त पडतं. दिवसभर ठेवता येईल अशी केंद्रं, घरी येणारी नर्स, सांभाळणाऱ्याला आठवड्याची सुट्टी, हे महाग पडतं म्हणून होत नाही. उद्या म्हणतील आम्ही हेल्पलाइन दिली की.

मये_तळ्याकाठी

@खरं_बोलतो, तुमचं मला पटतं. हात हवेतच. पण त्या रात्री माझ्याकडे दोन हात होते आणि त्या हातांनीच मी ते केलं. तेव्हा मला थांबवायला कुणीतरी हवं होतं, आणि डिचोलीत रात्री दोनला तो फोन सोडून दुसरं काही उघडं नव्हतं.

कान_देऊन

मी एका हेल्पलाइनवर स्वयंसेवक होते, सहा वर्षं. कुठली ते सांगत नाही, कुणाची गोष्टही सांगणार नाही, फक्त फोनच्या या बाजूनं काय दिसतं ते लिहिते.

लावून कट केलेले फोन आम्हाला खूप येतात. मयेच्या ताईंनी तीनदा कट केला ना, त्याचं आम्हाला काही वाटत नाही, उलट चौथ्यांदा वाजला की आम्ही नीट सरसावून बसतो. काही जण पहिल्या फोनला "नंबर चालू आहे का बघत होतो" म्हणतात आणि ठेवतात. आठवड्यानं परत करतात.

आमच्या ट्रेनिंगमध्ये सगळ्यात कठीण होतं ते सल्ला न देणं. आपली सवयच आहे ना, कुणी रडलं की लगेच "असं कर, तसं कर, आमच्या शेजारणीनं असं केलं". ट्रेनिंगला आम्हाला लंडनच्या चॅड वारा या पाद्र्याची गोष्ट सांगितली होती. १९५३ साली त्यानं आपल्या चर्चमध्ये जीव नकोसा झालेल्या लोकांसाठी फोन सुरू केला, त्यातून पुढे समॅरिटन्स उभी राहिली. लोक त्याला भेटायला यायचे, गर्दी व्हायची, म्हणून बाहेर थांबलेल्यांना चहा द्यायला साधी माणसं बसवली. थोड्या दिवसांत त्याच्या लक्षात आलं की बरेच जण त्या चहावाल्या माणसांशी बोलूनच हलके होऊन परत जातायत, त्याला भेटायची त्यांना गरजच उरत नाही. तेव्हापासून फोनही त्या माणसांनीच घ्यायचे ठरलं.

आईबापांचे आणि म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्यांचे फोन बहुतेक दुसऱ्याच विषयावर सुरू होतात. शाळेची ॲडमिशन, गोळीची वेळ, नवऱ्याची दारू. खरी गोष्ट विसाव्या मिनिटाला येते, तीसुद्धा "बरं ठेवते आता" म्हणून झाल्यावर. म्हणून घाई करून चालत नाही.

आणि एक, आम्हीही माणसं आहोत. एखाद्या फोननंतर मी पर्वरीचा पूल येईपर्यंत गाडीत रडलेय. शिफ्ट संपली की आमच्या वरच्यांशी बोलून मगच घरी जायचं असा नियम होता आणि तो नियम होता म्हणूनच मी सहा वर्षं टिकले.

तारवटीची_बायको

नवरा शिपवर, नऊ महिन्यांचं काँट्रॅक्ट. बाळ झालं तेव्हा तो कुठेतरी ब्राझीलजवळ. सिझेरियन. माहेरी आई नाही, वहिनी चांगली आहे पण तिचीच दोन लहान. बाळ संध्याकाळी सहाला रडायला लागायचं ते अकरापर्यंत. दूध पाजा, ढेकर काढा, पोटाला हिंग लावा, दृष्ट काढा, सगळं करून झालं. सहाव्या आठवड्यात एका रात्री मी त्याला दोन्ही दंडांना धरून तोंडासमोर आणलं आणि ओरडले "गप्प". आणि माझे हात हलायला लागले. कसं सुचलं माहीत नाही, पलंगावर ठेवलं आणि फोन लावला.

तिनं आधी बाळाला उताणं, सपाट जागी, पडणार नाही अशा ठिकाणी ठेवायला सांगितलं आणि मला म्हणाली, आता खोलीबाहेर जा, दार ओढून घ्या, पाच-दहा मिनिटं. मी म्हटलं तो रडतोय. ती म्हणाली, रडू दे, सुरक्षित जागी रडल्यानं त्याला इजा होत नाही, हलवल्यानं होते, एवढ्याशा बाळाला जोरात हलवलं तर मेंदूला मार बसतो. मी व्हरांड्यात उभी राहून तिच्याशी बोलत होते. तिनंच सांगितलं की बाळांचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं, पुढं तीन-चार महिन्यांत कमी होत जातं, तरी एकदा डॉक्टरला दाखवून घ्या. हे मला हॉस्पिटलमधून सोडताना कुणी सांगितलं असतं तर!! टाक्यांची काळजी, लशींची तारीख, सगळं सांगितलं, हे नाही सांगितलं. मला वाटायचं माझंच दूध कमी आहे, माझंच काहीतरी चुकतंय.

नंतर तिनं माझ्याबद्दलही विचारलं, जेवण जातं का, बाळाकडे बघून काही वाटतं का. काहीच वाटत नव्हतं. तिच्या सांगण्यावरून डॉक्टरला भेटले, बाळंतपणानंतरचं नैराश्य होतं, आठ महिने उपचार घेतले. बाळ आता तीन वर्षांचं आहे, आत्ता शेजारी बसून पोळीचा तुकडा चहात बुडवतंय.

सांखळी_सासर

एक भीती विचारते. आपलं गोवा एवढंसं. फोन घेणारी बाई माझ्या नणंदेच्या जावेची मैत्रीण निघाली तर? आणि मुलावर हात उगारला असं सांगितलं तर मूल घेऊन जातात का? १०९८ वर तसंच होतं ना?

कान_देऊन

@सांखळी_सासर, नाव गाव न सांगताही बोलता येतं, कुणी जबरदस्ती करत नाही. आवाज ओळखीचा वाटला तर दोघांपैकी कुणीही दुसऱ्या माणसाला द्या म्हणू शकतं, माझ्या बाबतीत एकदा झालंय.

१०९८ मुलांसाठी आहे. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या कामातून सुरू झालं, रस्त्यावरच्या, रेल्वे स्टेशनवरच्या मुलांना रात्री-अपरात्री फोन करता यावा म्हणून. २०२३ पासून ते सरकारनं आपल्याकडे घेतलं आणि ११२ या आणीबाणीच्या नंबरला जोडलं. पण आईबापांनी तिथं मदत मागू नये असं काही नाही. खोटं सांगणार नाही, मुलाच्या जिवाला खरंच धोका आहे असं कळलं तर कुठलीही चांगली हेल्पलाइन गप्प बसणार नाही, बसूही नये. पण "माझा हात उठतोय, मला थांबायचंय" म्हणून फोन करणारी आई आणि मुलाला छळणारं घर यातला फरक आम्हाला कळतो हो.

दुबईतला_पेडणेकर

मी परदेशात, आईवडील पेडण्याला दोघंच. वडिलांना पार्किन्सन्स, आई ७४ ची, तीच सांभाळते. ती मला कधीच काही सांगत नाही, "सगळं बरं आहे". ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे, एल्डरलाइन, २०२१ च्या १ ऑक्टोबरपासून देशभर. पेन्शनचे कागद, कायद्याची अडचण, नुसतं बोलायचं असेल तरीही. मात्र ती सकाळी ८ ते रात्री ८ एवढीच. मी आईच्या फोनमध्ये दोन्ही नंबर घालून दिले, दिवसाचा हा आणि रात्रीचा तो. ती वापरते का मला माहीत नाही, विचारतही नाही.

बार्देश_आरोग्य

@खरं_बोलतो यांच्या मुद्द्यावर. आरोग्य खात्यात होतो, निवृत्त. आपल्याच गोव्यात, तिसवाडी आणि बार्देशमध्ये, डिमेन्शियाच्या घरांसाठी एक प्रयोग झाला होता, २००८ मध्ये तो शोधनिबंध म्हणून छापून आला, सांगात या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या इथल्याच संस्थेची माणसं त्यात होती. ८१ कुटुंबं. मोठे डॉक्टर रोज घरी पाठवले नव्हते, गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं, ती घरी जायची, आजार समजावून सांगायची, चिडलेल्या माणसाला कसं हाताळायचं ते दाखवायची, घरातल्या इतरांना कामाला लावायची, आणि सांभाळणारीचं ऐकून घ्यायची. वरून मानसोपचारतज्ज्ञाचं लक्ष. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य, मदत न मिळालेल्यांपेक्षा सुधारलेलं दिसलं. रोग तसाच होता. हे फोनवर झालेलं नाही, घरी जाऊन झालंय, म्हणजे तुमच्या म्हणण्यालाही जोर येतो. माझं म्हणणं एवढंच की त्या घरभेटीतला ऐकून घेण्याचा आणि समजावण्याचा भाग फोनवरून होऊ शकतो, आणि घरभेटीवाली माणसं रात्री दोनला येणार नाहीत.

खरं_बोलतो

@बार्देश_आरोग्य, हे माहीत नव्हतं. ८१ घरांत जमलं तर सगळ्या तालुक्यांत का नको हा प्रश्न मी विचारत राहणार. पण रापणकारांचं वाचलं. त्या भावाला विचारण्याबद्दलचं. माझी बहीण वास्कोला होती. मी तिला कधी सांगितलंच नाही वडिलांच्या जखमांचं, लाज वाटली. मला कुणी विचारलं असतं की कुणाकुणाला सांगितलंय, तर कदाचित.

सत्तरी_रानातून

तुम्ही सगळे रात्री दोनला फोन लावता पण आमच्या वाड्यावर रेंजच नाही. व्हाळ ओलांडून वर माळावर गेलं की दोन काड्या येतात. पावसात लाइट गेली की टॉवरही जातो. मुलगी १४ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, तिला एकटी ठेवून रात्री माळावर जायचं? मी दिवसा शाळेच्या व्हरांड्यातून फोन केला, अंगणवाडीची बाई तेवढा वेळ मुलीजवळ बसली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांनी परत फोन करू म्हटलं तर मी म्हटलं लागणार नाही, मीच करते. अंगणवाडीच्या दारावर १४४१६ मोठ्या अक्षरात खडूनं लिहून ठेवलाय, पावसात पुसला की परत लिहितो.

मये_तळ्याकाठी

@सत्तरी_रानातून, ऑइल पेंट पाठवू का? खरंच विचारतेय, आमच्याकडे गेटला लावून उरलेला अर्धा डबा आहे. वाळपईपर्यंत माझा भाऊ येतो दर शुक्रवारी.

बाकी सगळ्यांना उद्या सविस्तर लिहीन, आता सहा वाजले, आई बिस्किटं शोधतायत. हल्ली मी वाद घालत नाही, लाइट आधीच लावून ठेवते आणि विचारते माशेलला कोण कोण आहे. मग त्या सांगत बसतात.

सत्तरी_रानातून

पाठवा. ब्रश आहे माझ्याकडे.